उक्त्यावर चाललेली क्रेन

आत्याला नात्यानं आत्या म्हणणारा एकच, तिच्या दादाचा मुलगा. एकदा तो तिचा विसरलेला डबा घेऊन साइटवर आला आणि फाटकापासून क्रेनच्या पायथ्यापर्यंत "आत्या! ए आत्या!" असा गळा काढत गेला. त्या दिवसापासून मुकादमापासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांची ती आत्या झाली. तिच्याहून वयानं मोठा असलेला वॉचमनसुद्धा तिला आत्याच म्हणायचा. तिनं कुणाला अडवलं नाही. वरून बघितलं की खालची सगळी डोकी सारखीच.

ती टॉवर क्रेन चालवायची. सुरुवात विटा वाहण्यापासून केली, मग माल चढवायच्या लिफ्टवर बसली, मग क्रेनच्या केबिनमध्ये. लग्न केलं नाही. विचारणारे होते, पण सगळे खाली उभं राहून मान वर करून विचारणारे. शिडी चढून येऊन कुणी विचारलं नाही. शिडी मोठी होती, हेही खरं.

शिडी चढताना ती बोलायची नाही. बोलणारा अर्ध्या वाटेतच दम घालवतो आणि मग वर जाऊन टेकून बसतो, असं तिचं मत. वर गेल्यावर आधी हात पुसायची, मग खुर्ची सरकवायची, मग मोकळा हूक एकदा वर, एकदा खाली. हुकाला भार असताना ती पाणीसुद्धा प्यायची नाही. खाली शिट्टी असायचा. हा तिचा रिगर, म्हणजे भाराला पट्टे बांधणारा आणि वॉकीटॉकीवरून वर इशारे देणारा. वॉकीटॉकी येण्याआधी तो शिट्टीवर इशारे द्यायचा, म्हणून नाव शिट्टी. आता शिट्टी गेली आणि तोंड आलं, तेच वाईट झालं.

कारण दादाच्या लग्नाच्या वाढदिवसाला आत्यानं शिट्टीला जेवायला नेलं, आणि जेवणं झाल्यावर दादानं ती गोष्ट सांगितली.

दादाची ती ठेवणीतली गोष्ट. बारसं असो, साखरपुडा असो, दादा उठून उभा राहायचा, कंबरेवर हात ठेवायचा आणि सुरू व्हायचा. तो बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. आयुष्यभर त्याच्या पाठीमागे पन्नास माणसं बसली आणि एकानंही त्याचं ऐकलं नाही. ती सगळी कसर तो पंगतीत भरून काढायचा.

गोष्ट अशी. लहानपणी गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचं दुकान होतं. कपाटाएवढी यंत्रं, समोर दांडा, दोन बटणं. दादा आपल्या खाऊच्या पैशांचं नाणं टाकून खेळायचा आणि बहिणीला सांगायचा, "बारके, तू नुसती बघ." एकदा तो शेजारच्या यंत्रावर गेला आणि बारकीला मोकळा दांडा सापडला. नाणं न टाकलेलं यंत्र आपलं आपणच खेळून दाखवायचं, गिऱ्हाईक भुलावं म्हणून. हे बारकीला कुठलं माहीत! पडद्यावरचं विमान उजवीकडे गेलं की ही दांडा उजवीकडे दाबणार. विमान डावीकडे, ही डावीकडे. जीभ बाहेर, कपाळावर घाम. विमान पडलं तशी हिनं भोकाड पसरलं, की माझं चुकलं. शेवटी दुकानदारानं सांगितलं, "पोरी, ते आपलं आपणच चाललंय. तू नुसती लोंबकळलीयस."

"आणि आज," दादा आवाज चढवून म्हणायचा, "तीच बाई क्रेन चालवते! खाली उभं राहणाऱ्यांनो, आपापलं सांभाळा!"

पंगत खदखदून हसायची. वहिनी, म्हणजे दादाची बायको, वाढता वाढता म्हणायची, "झालं? आता भात घ्या." आत्या हसल्यासारखं करायची. एवढी वर्षं तिनं ती गोष्ट पचवली होती. पण शिट्टीच्या पोटात ती राहिली नाही.

सोमवारी सकाळी पहिला भार उचलायच्या आधी वॉकीटॉकीवर आवाज आला. "आत्या, नाणं टाकलंय ना?"

सगळी साइट त्याच वाहिनीवर. आठवड्यात सळईवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळे विचारू लागले. कुणी म्हणालं, आत्या झोपली तरी चालेल, क्रेन चालते. नवीन आलेल्या सुपरवायझरनं तर खरंच विचारलं, "ही ऑटोमॅटिक आहे का?"

आत्या त्या दिवशी साइटवरून तशीच दादाच्या घरी गेली. हेल्मेट काखेत.

"दादा, ती गोष्ट बंद कर."

"का? खोटी आहे?"

"खरी आहे. बंद कर."

"अगं, लोक हसतात. पुण्य लागतं."

"माझ्या जिवावर पुण्य कमावू नकोस. माझ्या हुकाखाली माणसं उभी असतात. त्यांना वाटलं पाहिजे की वर कुणीतरी आहे."

दादानं मान डोलावली. पण गप्प राहणं त्याला परवडत नसे. "बरं. एका खेळात मला हरवून दाखव. कुठलाही खेळ. हरलो तर ती गोष्ट मेली. तू हरलीस तर पुढच्या लग्नात ती गोष्ट तू सांगायचीस. दांड्याच्या हातवाऱ्यांसकट. जीभ बाहेर काढून."

"चालेल," आत्या म्हणाली. "खेळ माझा. मी बनवणार."

दादा इतका हसला की वहिनीनं आतून पाणी आणलं.

दादाची सून घरीच बसून व्हिडिओंच्या कापाकापीचं काम करायची. तिला कॉम्प्युटरमधलं कळायचं. तिनं समजावलं, "आत्या, गेमसाठी तयार इंजिन मिळतं, म्हणजे आतला सगळा सांगाडा. उचलायचं, लावायचं, झालं."

"भाड्याच्या क्रेनवर जन्म गेला माझा. एक तरी माझी असू दे."

"मग साधं जावास्क्रिप्ट शिका. ब्राउझरमध्ये चालतं. वेगळं काही लागत नाही. पण सगळं हातानं करावं लागेल."

"हात आहेत."

आत्यानं एक जुना लॅपटॉप मिळवला. त्याचा पंखा खडीच्या यंत्रासारखा वाजायचा. वारा वाढला की टॉवर क्रेन बंद ठेवतात. बूम, म्हणजे क्रेनचा आडवा हात, मोकळी सोडायची, वारा नेईल तिकडे फिरू द्यायची आणि खाली यायचं. त्या वर्षी वारा आत्याच्या बाजूनं होता. इतर लोक कंटेनरच्या ऑफिसात पत्ते कुटायचे, ती कोपऱ्यात बसून चौकोन हलवायची. पहिला आठवडा एकच चौकोन. डावी कळ दाबली की डावीकडे, उजवी दाबली की उजवीकडे. शिट्टी मागून बघायचा.

"आत्या, एवढ्यात बिल्डिंग उभी राहिली असती."

"बिल्डिंग तू बांधतोस होय? तू पट्टा बांधतोस."

चौकोनाची ट्रॉली झाली, बूमवरून मागेपुढे सरकणारी गाडी. ट्रॉलीला दोरी आली, दोरीला भार. चित्रं सगळी ठिपक्याठिपक्यांची, जुन्या यंत्रांवर असायची तशी. ट्रॉली हलली की भार झोके घेणार, झोका थांबवून भार ट्रकवर ठेवायचा, ठरल्या वेळेची पाळी संपेपर्यंत जास्त भार ठेवील तो जिंकला. झोका बसवायला तिला सगळ्यात जास्त त्रास झाला. आधी भार काठीसारखा ताठ राहायचा. मग असा झुलायचा की थांबायचं नावच नाही. मग एकदा दोरी सोडून ढगात गेला. गणित तिला शाळेत जमलं नव्हतं, तेव्हा ते हातांनी केलं: एक आकडा बदलायचा, बघायचं, डोळे मिटून केबिनमध्ये बसल्याचं आठवायचं, खोटं वाटलं की पुन्हा बदलायचा. कंटाळा आला तर उठायचं नाही. चुकीचा आकडा सापडला की मगच उठायचं. गेमला जीव तीन असावेत असं सुनेचं म्हणणं होतं. आत्यानं एकच ठेवला. भार पडला की पाळी खलास. "साइटवर कुणाला तीन मिळतात?" ती म्हणाली. सून म्हणाली, "आत्या, हा गेम आहे. मजा यायला पाहिजे."

"नीट ठेवला की येते."

सामना दादाच्या घरी ठरला. पंच म्हणून शिट्टी, कारण तो दोघांचाही सारखाच अपमान करायचा. आत्यानं आपला लॅपटॉप टेबलावर ठेवला, तेवढ्यात सून म्हणाली, "अय्या, त्या डबड्यावर कशाला? माझ्या स्क्रीनवर लावू की! नवीन घेतलाय कामासाठी. बघा तरी कसा गुळगुळीत दिसतो."

आत्याला मोह झाला. आपली क्रेन मोठ्या पडद्यावर दिसावी असं कुणाला वाटणार नाही? तिनं फाइल सुनेच्या कॉम्प्युटरवर घेतली.

पहिली पाळी आत्याची. तिनं उजवी कळ दाबली आणि ट्रॉली बंदुकीतून सुटल्यासारखी बूमच्या टोकाला जाऊन आदळली. भार मागून आला, वर गेला, परत आला. आत्यानं सावरायला डावी कळ दाबली, ट्रॉली दुसऱ्या टोकाला. भार पिसाळला. तिनं बनवलेला भार, तिनंच बनवलेल्या मुकादमाच्या झोपडीवर पडला आणि झोपडीचे ठिपके उडाले. पाळी खलास. एकही भार ठेवला नाही.

दादाची पाळी. त्यानं एक कळ चुकून दाबली, भार गरगरला आणि योगायोगानं ट्रकवर जाऊन बसला. दुसरा भार उचलेपर्यंत पाळी संपल्याची घंटा वाजली.

"एक!" दादा ओरडला. "एक विरुद्ध भोपळा!"

"आत्या," शिट्टी म्हणाला, "ही पण आपली आपणच चालते."

सून हसू दाबायला आत पळाली. वहिनी ट्रे घेऊन बाहेर आली. "संपलं? दोघांच्या पाळ्या झाल्या? चहाला उकळी नाही आली अजून. बरंय बाई, अशी कामं असावीत."

"हा खेळ असा नाही," आत्या म्हणाली. "काहीतरी बिघडलंय."

"नाचता येईना..." दादानं सुरुवात केली.

"अंगण खरंच वाकडंय!"

"बारके, अंगण तूच सारवलंयस."

आत्या लॅपटॉप आवरू लागली. दादा मात्र जिंकून खूश होता आणि खूश माणूस उदार होतो. वहिनीच्या भाचीच्या लग्नापर्यंत दुरुस्त करून आणलंस तर पुन्हा खेळू, म्हणाला. "पण याच स्क्रीनवर. नाहीतर म्हणशील, माझ्या लॅपटॉपचा पायगुण."

आत्या घरी आली, लॅपटॉप उघडला. गेम शहाण्यासारखा चालला. भार संथ झुलला, ट्रकवर बसला. तिनं कोडची ओळ न् ओळ वाचली. काही बिघडलेलं नव्हतं, आणि हेच वाईट. बिघडलेलं दुरुस्त करता येतं. तिनं आधी सुनेच्या स्क्रीनवर संशय घेतला, मग कळफलकावर, मग दादा पाठीमागे उभा राहून श्वास सोडत होता त्यावर. तिघंही निर्दोष निघाले. दादा सुटल्याचं तिला वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र खुपत होती. भार पिसाळला, ट्रॉली पिसाळली, ते समजू शकतं. पण पाळी लवकर का संपली? घंटेला कुणी हात लावला नव्हता. वहिनीचा चहा उकळायच्या आत दोन पाळ्या! घरी एका पाळीत तिचा चहा पिऊन व्हायचा.

उत्तर साइटवर मिळालं, तेही शिट्टीच्या तोंडून, म्हणजे अपघातानंच. सळयांचा भारा खाली उतरवायचा होता आणि खालचे सळईवाले बाजूला होत नव्हते. आत्यानं विचारलं, हे कालपासून एवढे का पळतायत? शिट्टी वॉकीटॉकीवर करवादला, "उक्त्यावर घेतलेत त्यांना, आत्या! रोजावर होते तेव्हा चार माणसं मिळून एक सळई उचलायची. आता जेवढं उरकतील तेवढं त्यांचं. थांबतात कशाला?"

आत्यानं भार हवेत स्थिर धरला, माणसं हटेपर्यंत वाट बघितली, मग उतरवला. हूक मोकळा झाल्यावरच पुढचा विचार केला.

तिनं गेमला सांगितलं होतं: पडद्यावर नवं चित्र काढलंस की ट्रॉली एवढी पुढे सरकव, झोका एवढा हलव, पाळीतून एवढं कमी कर. दर चित्रामागे एवढं काम. म्हणजे गेम उक्त्यावर होता. तिचा लॅपटॉप म्हातारा, सेकंदाला मोजकीच चित्रं काढायचा. सुनेचा स्क्रीन नवा, तेवढ्याच सेकंदात दुप्पट चित्रं काढत होता, म्हणून ट्रॉलीही दुप्पट, झोकाही दुप्पट आणि पाळी निम्म्यात. सगळं इमानदारीनं चाललं होतं. कामाची बोलीच चुकीची ठरली होती, आणि ती ठरवणारी आत्याच.

घरी येऊन तिनं गेम रोजावर घेतला. प्रत्येक चित्राच्या वेळी आधी घड्याळ विचारायचं: मागच्या चित्रापासून किती वेळ गेला? जेवढा वेळ तेवढंच काम. चित्रं कितीही काढ, दिवस तेवढाच. बोलायला सोपं, पण हलणारी प्रत्येक वस्तू शोधून बदलावी लागली. ढग विसरला, तो एकटाच आकाशात घोड्यासारखा धावत राहिला. मग तोही पकडला. तरी एक भानगड उरली. गेम चालू ठेवून तिनं दुसरी टॅब उघडली, निवांत बातम्या वाचल्या आणि परत आली, तर भार बूमच्या पलीकडे फेकला गेलेला. घड्याळानं मधल्या सगळ्या वेळाचं काम एका फटक्यात करायला लावलं होतं. आत्यानं त्यावर मर्यादा घातली. सुट्टीवर गेलास तर सुट्टीचं काम आल्या आल्या उरकायचं नाही. जिथे सोडलंस तिथून चालू कर.

मग ती सुनेकडे गेली आणि दादा घरी नसताना गेम तिच्या स्क्रीनवर लावला. चहा ठेवला. चहा उकळला, गाळला, प्यायला, तेव्हा पाळी संपली.

"आत्या, हे तुम्हाला कसं सापडलं?" सुनेनं विचारलं.

"सळईवाल्यांनी सांगितलं."

सुनेनं कप विसळायला घेतले.

दुसरा सामना लग्नाच्या आदल्या दुपारी झाला, घरात पाहुणे भरलेले असताना. दादानंच बोलावले होते सगळे, साक्षीला. पहिली पाळी त्याची. आणि खरं सांगायचं तर तो बरा खेळला. बसवाल्याचा हात; उगाच धक्का नाही, हळूच सुटायचा, हळूच थांबायचा. ट्रकवर भार बसू लागले तशी पाहुणे मंडळी मोजू लागली. आत्या हाताची घडी घालून उभी.

मग एक भार जरा जास्त झुलला. भार उजवीकडे चालला, तसं दादानं त्याला अडवायला ट्रॉली डावीकडे ओढली. बस अशीच आवरतात. भार जास्तच झुलला. दादानं जास्तच ओढली.

"अहो, त्याच्या मागे जा, मागे!" वहिनी ओरडली. तिनं कधी क्रेन जवळून बघितली नव्हती.

"गाडी मी चालवतोय!"

भार झोपडीवर पडला.

आत्याची पाळी. तिचाही एक भार झुलला. भार उजवीकडे गेला तशी तिनं ट्रॉली त्याच्या मागे उजवीकडे नेली, त्याच्या बरोबर डोक्यावर नेऊन थांबवली. भार लोंबत उभा राहिला, सोडवायला माणसं आल्यावर भांडखोर होतो तसा, एकदम गरीब. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. ती थांबली नाही. घंटा वाजेपर्यंत ठेवत गेली, दादाला मागे टाकल्यावरसुद्धा. पाळी संपायच्या आधी हात आखडता घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

"गोष्ट मेली," शिट्टीनं निकाल दिला.

"मेली," दादा म्हणाला. आणि त्यानं शब्द पाळला, हे त्याच्या नावावर लिहायला हवं. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हाक दिली, "दादा, ते दांड्याचं होऊन जाऊ दे!" दादा मान हलवून म्हणाला, "ते बंद झालं." मंडळी हिरमुसली. दादा पानाकडे बघत बसला. पोळीचा घास मोडला आणि तसाच ठेवला. शेजारी बसलेल्या आत्याला तो पंक्चर झाल्यासारखा दिसला, आणि तिला त्याचा थोडा आनंदही झाला.

आनंद टिकला नाही. दादा उठला. कंबरेवर हात ठेवले.

"आमच्या बारकीनं," तो म्हणाला, "अख्खं वर्ष खपून एक क्रेन बनवली. कॉम्प्युटरमधली. वारा आला की लोक झोपायचे, ही क्रेन बनवायची. आणि सामन्याच्या दिवशी, सगळ्यांसमोर, ती क्रेन अशी पिसाळली..."

त्यानं दोन्ही हात पसरून क्रेन केली. पंगत आधीच हसायला लागली होती. वहिनीनं वाढायचं थांबवलं. शिट्टीनं आत्याकडे बघितलं. आता ही ताट फेकते की काय, असं त्याला वाटलं.

आत्यानं मनात त्या गोष्टीचं वजन करून बघितलं. यातही हसं तिचंच होत होतं. पण या क्रेनचं प्रत्येक चाक तिनं बसवलं होतं आणि पिसाळली तीही तिच्यामुळेच. ते नाकारायचं तर वर्षभराचं कामही नाकारावं लागलं असतं.

"...आणि भार सुटला तो थेट ट्रकवर!" दादा रंगात आला होता.

"झोपडीवर," आत्या म्हणाली.

"काय?"

"सांगायची तर नीट सांग. ट्रकवर तुझा बसला, तोही चुकून. माझा झोपडीवर पडला. आधी ट्रॉली उजवीकडे गेली."

"डावीकडे गेली."

"दादा, क्रेन कुणी बनवली?"

"बघत कोण होतं?"

"शिट्टी!" आत्यानं पंगतीच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली. "तू पंच होतास. सांग, कुठे गेली?"

शिट्टीच्या तोंडात लाडू होता. त्यानं दोन्ही हातांनी दोन दिशा दाखवल्या. पंगत पुन्हा फुटली. दादा म्हणाला, बघा, हाच यांचा इशारा देणारा. आत्या पानावरून उठली आणि खरकट्या हातानंच, बूम कुठे होती, ट्रॉली कुठे आदळली, ते हवेत काढून दाखवू लागली. दादा तिचा हात धरून दुसरीकडे ओढत होता.